संस्कृती-उभारणीच्या खेळांत प्रदूषण हवं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिव्हिलायझेशन आणि त्याच्या जातकुळीतल्या कॉम्प्युटर खेळांवर मी बरीच वर्षं मराठीत लिहितोय. राजे, लढाया आणि वंडर्स (खेळात बांधायच्या जगप्रसिद्ध वास्तू) यांच्यापेक्षा धुरावरचे प्रश्न जास्त येतात, याचं मला अजून नवल वाटतं. तेच उत्तर दहादा टंकण्यापेक्षा सगळी एका जागी ठेवली आहेत. प्रश्न विचारणाऱ्यांच्याच शब्दांत आहेत, शिव्या तेवढ्या गाळल्यात.

१. मी नवीन आहे. या खेळांत प्रदूषण म्हणजे नक्की काय असतं?

सुरुवात १९९१ च्या पहिल्या सिव्हिलायझेशनपासून (थोडक्यात सिव्ह) करू. मायक्रोप्रोज कंपनीचा आणि सिड मायरचा हा खेळ. शहरात कारखाना आला, लोकवस्ती वाढली की शहराच्या पडद्यावर धुराड्यांची बारकी चित्रं दिसू लागायची. मग एखाद्या टर्नला, म्हणजे पाळीला, शहराबाहेरच्या एका टाइलवर (नकाशाच्या एका घरावर) घाणेरडा डाग पडायचा आणि तो पुसायला सेटलर, म्हणजे वसाहत करणारी तुकडी, पाठवावा लागायचा. असे डाग साचत गेले की पडद्यावरच्या चिमुकल्या सूर्याचा रंग बदलायचा. तरीही दुर्लक्ष केलं तर पृथ्वी तापायची: किनाऱ्याजवळच्या शेताची दलदल व्हायची, आतल्या मुलखाचं वाळवंट.

पुढच्या तीसेक वर्षांत याच कल्पनेचे तीन अवतार झाले. एक, टाइलवरचा डाग. दोन, शहराची तब्येत. तीन, सगळ्या जगाचं मिळून एकच वातावरण. कुठल्या खेळात कुठला अवतार आहे ते पुढे येईलच.

२. थोडक्यात सांगा, हवं की नको?

हवं. पण झाडूसारखं नको, वाण्याच्या वहीसारखं हवं.

महिनाभर उधारीवर सामान आणायचं आणि एक तारखेला वही उघडायची, हा व्यवहार ज्याने केलाय त्याला मी काय म्हणतोय ते कळेल. कोळसा म्हणजे उधारी. आज माल घरी येतो, आकडा वहीत चढतो. खेळाडूला तो आकडा दिसला पाहिजे, उधारी करण्याचा मोह खरा वाटला पाहिजे आणि फेडायची वेळ आली की त्याला काहीतरी ठरवावं लागलं पाहिजे. या तीनपैकी एकही गोष्ट नसली तर प्रदूषण म्हणजे नुसती कटकट. पुढची बहुतेक उत्तरं या एका मताचीच पोटउत्तरं आहेत.

३. जुन्या सिव्हमध्ये प्रदूषणाचा एवढा वैताग का यायचा?

कारण त्यात ठरवण्यासारखं काही नव्हतं. १९९६ च्या सिव्ह २ मध्ये डाग पडलेल्या टाइलचं उत्पन्न निम्मं व्हायचं. २००१ च्या सिव्ह ३ मध्ये साफ होईपर्यंत त्या टाइलवर कामच करता यायचं नाही. दोन्हीकडे उत्तर एकच: माणूस पाठवा, पुसून घ्या. "या टर्नला पुसू की नको?" असा प्रश्न कुणालाच पडला नाही.

त्यात डाग कुठे पडेल हे नशिबावर. वीस-पंचवीस शहरं झाली की दर टर्नला दोन-तीन ठिकाणी नवे डाग. इंजिनिअरांची फौज नकाशाभर वणवण करतेय आणि आपण अंगण झाडणाऱ्या बाईसारखे तिच्या मागे. झाडून पाठ वळवावी तोवर पिंपळ पुन्हा पानं टाकतो. वर्करांना आपोआप कामाला लावता यायचं हे खरं, पण जे काम खेळाडू आनंदाने यंत्रावर सोपवतो, ते मुळात खेळात कशाला ठेवायचं?

सिव्ह २ वर अन्याय नको. तिथे डाग पुसण्याखेरीज डाग पडूच नये म्हणूनही उपाय होते आणि ते फार विचारपूर्वक रचलेले होते. मास ट्रान्झिटने लोकसंख्येमुळे होणारं प्रदूषण थांबायचं. हायड्रो प्लांट, रीसायकलिंग सेंटर यांनी कारखान्याचा धूर कमी व्हायचा, आणि सोलर प्लांट बांधला की तो पार संपायचा. मोटारगाडीचा शोध लागला की शहर जास्त धूर सोडू लागायचं, हा तपशील तर मला तेव्हाही आवडला होता. एवढी सगळी बेरीज-वजाबाकी पडद्याआड चालायची आणि खेळाडूच्या हाती उरायचा तो झाडूच.

४. मग सिव्ह ४ ने प्रदूषण काढून टाकलं ते योग्यच झालं ना?

काढलं ते योग्य. त्या जागी जे आणलं ते त्याहून चांगलं, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

सिव्ह ४ (२००५) चा मुख्य रचनाकार सोरेन जॉन्सन. नुसत्या शिक्षेसारख्या वाटणाऱ्या जुन्या गोष्टी त्याने वेचून बाहेर काढल्या, त्यात टाइलवरचा डागही गेला. त्याऐवजी प्रत्येक शहराला तब्येत आली. कारखाना, कोळशाचं वीजकेंद्र, गर्दी यांनी ती बिघडायची. जवळचं जंगल, गोडं पाणी, जलवाहिनी, दवाखाना, निरनिराळी धान्यं यांनी सुधारायची. तब्येत शून्याखाली गेली की जितकी खाली तितकं जादा अन्न शहर खाऊन टाकायचं, म्हणजे वाढ खुंटायची.

आता इथे ठरवण्यासारखं आहे. जंगल तोडून आज वंडर पूर्ण करू की शहराच्या तब्येतीसाठी राखू? कोळसा जाळू की धरणाची वाट पाहू? शिवाय वणवण करणारी फौज नाही. एकच गोष्ट हरवली: धूर शहराच्या वेशीवर थांबू लागला. माझ्या कारखान्याचा त्रास मलाच. शेजाऱ्याला काही नाही. खऱ्या जगात प्रदूषणाची सगळी भांडणं शेजाऱ्याशीच असतात (प्रश्न १० पाहा).

५. तुम्ही सारखं अल्फा सेंटॉरीचं नाव घेता. त्यात असं काय आहे?

१९९९ चा खेळ, फिरॅक्सिसचा, ब्रायन रेनॉल्ड्सच्या हातचा. माणसं दुसऱ्या ताऱ्याच्या एका ग्रहावर जाऊन वसतात. तिथली जमीन झेनोफंगस नावाच्या गुलाबी बुरशीने व्यापलेली असते आणि त्या बुरशीत माइंड वर्म नावाचे किडे असतात. तुमच्या तळावर खनिजं काढण्याचं प्रमाण मर्यादेबाहेर गेलं की बुरशी फुटून येते, तुमची शेतं गिळते आणि त्यातून किड्यांचे थवे निघून तुमच्यावरच चालून येतात.

म्हणजे निसर्ग इथे आकडा नाही, आठवा खेळाडू आहे. सात गट माणसांचे आणि एक ग्रह. त्याच्याशी वैर धरता येतं, जुळवूनही घेता येतं. डीर्ड्रा स्कायचा गायन्स गट घेतलात तर तेच किडे पकडून सैन्यात भरती करता येतात. प्रदूषण ही शिक्षा न राहता एक परराष्ट्र धोरण होऊन बसतं.

आणि समुद्र! धुराचा आकडा वाढत गेला की पाण्याची पातळी चढते, सखल तळ बुडतात. नेत्यांच्या परिषदेत ध्रुवावरचा बर्फ मुद्दाम वितळवायचा ठराव मांडता येतो, उलट सूर्याआड छत्री धरून ग्रह थंड करायचाही. १९९९ साली! आजच्या खेळांतही एवढं धाडस क्वचित दिसतं. चित्रं आता जुनाट वाटतात, पण ज्याला या विषयात खरोखर रस आहे त्याने पहिल्यांदा हाच खेळावा.

६. सिव्ह ६ मध्ये समुद्र नेमका कधी आणि कसा चढतो?

मूळ सिव्ह ६ (२०१६) मध्ये नाही चढत. फेब्रुवारी २०१९ मध्ये आलेलं गॅदरिंग स्टॉर्म हे एक्स्पान्शन, म्हणजे मूळ खेळाला जोडायची पुरवणी, लागतं.

त्यात शहराला वीज लागते. कोळसा, तेल, युरेनियम यांवर केंद्रं चालतात आणि जाळलेल्या इंधनाचा कार्बन जगाच्या एकाच खात्यात जमा होतो. रणगाडे, लोखंडी जहाजं अशी इंधन खाणारी युनिटंही त्या खात्यात भर घालतात, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. कोण किती जाळतोय ते सगळ्यांना दिसतं. वाण्याची वही म्हणतो ती हीच, फक्त अख्ख्या आळीची मिळून एक.

तापमानवाढीचे सात टप्पे आहेत. टप्पे चढतील तशी वादळं, पूर, दुष्काळ वाढतात, ध्रुवावरचा बर्फ वितळतो आणि समुद्र वर येतो. किनाऱ्यावरच्या सखल टाइल एक, दोन आणि तीन मीटर अशा तीन गटांत आधीच ठरलेल्या असतात. आधी टाइलमध्ये पाणी शिरतं आणि नुकसान होतं. नंतर ती कायमची बुडते. त्यावर बांधलेला डिस्ट्रिक्ट (शहराचा विभाग) गेला म्हणजे गेला.

उपाय तीन. पहिला, स्वच्छ वीज: धरण, वारा, ऊन, भूगर्भातली उष्णता. दुसरा, फ्लड बॅरियर, म्हणजे समुद्राला घातलेला बांध. तो कॉम्प्युटर्सच्या शोधानंतर मिळतो आणि सखल टाइल जितक्या जास्त व समुद्र जितका चढलेला तितका महाग पडतो. उशिरा जाग आलेल्याला दंड बरोबर बसतो. तिसरा, अगदी शेवटच्या युगातला कार्बन रीकॅप्चर, ज्याने खात्यातला कार्बन कमी करता येतो. पण एकदा ओलांडलेला टप्पा परत येत नाही आणि बुडालेली जमीन वर येत नाही.

माझ्या मते सगळ्या सिव्हमधली ही सर्वांत प्रामाणिक रचना. दोष तिचा एकच आहे, तो प्रश्न १२ मध्ये.

७. हा सगळा हल्लीचा राजकीय अजेंडा नाही का? आम्हाला साम्राज्य उभारायचंय, पर्यावरणाचा तास नकोय.

"हल्लीचा" म्हणायला जागा नाही. पहिल्याच सिव्हमध्ये पृथ्वी तापत होती आणि तो खेळ आला १९९१ मध्ये, रिओच्या पृथ्वी परिषदेच्या एक वर्ष आधी. शहर वसवायच्या १९८९ च्या सिमसिटी या खेळातही प्रदूषण होतं. हे खेळ जन्मले तेव्हापासून धूर सोबत आहे.

पर्यावरणाचा तास नको, हे मात्र शंभर टक्के मान्य. खेळाने उपदेश करू नये. पण साम्राज्य उभारण्याच्या खेळात उपासमार, बंड, भ्रष्टाचार, साथीचे रोग चालतात, त्याला कुणी अजेंडा म्हणत नाही. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस धूर-धुकं बसून राहिलं. सरकारी अंदाजच चार हजार मृत्यूंचा होता, नंतरच्या अभ्यासकांनी तो बारा हजारांपर्यंत नेला. स्वच्छ हवेचा कायदा यायला १९५६ उजाडलं. ज्या राजधानीवरून जगाचा मोठा भाग हाकला जात होता तिथली ही गोष्ट. साम्राज्याच्या खेळातून ती वगळायची तर ती वगळण्यालाही कारण द्यावं लागेल.

८. पुढे गेलेल्या खेळाडूला लगाम घालायला प्रदूषण उपयोगी पडतं का?

कागदावर छान दिसतं: जो जास्त उत्पादन करतो त्याचा धूर जास्त, म्हणून तो आपोआप मंदावेल. प्रत्यक्षात उलटं होतं. विज्ञानात पुढे असलेल्याला सोलर प्लांट आधी मिळतो, बांध घालायला पैसा त्याच्याकडेच असतो. मागे पडलेला बिचारा अजून कोळशावर असतो आणि पाणी त्याच्याच दारात शिरतं. लगाम पुढच्याला लागत नाही, मागच्याच्या गळ्याला फास मात्र बसतो.

खरं जगही असंच चालतं, म्हणून मी याला चूक म्हणणार नाही. पण बरोबरी साधायला म्हणून कुणी प्रदूषण घालत असेल तर त्याने दुसरं काहीतरी शोधावं.

९. मी सगळी पवनचक्क्यांची शहरं केली. कॉम्प्युटर खेळाडू कोळसा जाळत बसलेत आणि बुडालो मी. हा काय न्याय?

कुणाच्या म्हशी आणि कुणाला उठाबशी! सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच आहे.

अन्याय आहे, आणि तो असावा. तक्रार अन्यायाची नसून हतबलतेची आहे. समोरच्याला धूर कमी करायला लावण्याचं साधन हाती नसेल तर खेळाडू चिडणारच. सिव्ह ६ मध्ये थोडीफार साधनं आहेत: खेळातल्या जागतिक काँग्रेसचे ठराव, क्लायमेट अकॉर्ड्स नावाची स्पर्धा. पण कॉम्प्युटर खेळाडूशी बसून "तू तीन केंद्रं बंद कर, मी तुला युरेनियम देतो" असा सौदा करता येत नाही. १९८७ चा माँट्रियल करार पाहा. ओझोनचा थर खाणारी रसायनं कमी करायला देश तयार झाले, कारण त्यात गरीब देशांना जादा मुदत होती, पुढे पैशाचीही तजवीज झाली आणि सही न करणाऱ्यांशी व्यापारावर बंधनं होती. गाजर आणि काठी दोन्ही. खेळाला एवढंच हवंय: जाळू नकोस म्हणून पैसे देता यावेत, जाळलंस म्हणून व्यापार तोडता यावा.

माणसांशी खेळताना ही अडचण निम्मी होते. गप्पांच्या खिडकीत धमक्या सुरू होतात आणि डाव एकदम रंगतो.

१०. या खेळांत नदीचं प्रदूषण का नसतं?

इचलकरंजीहून आलेला हा प्रश्न मला फार आवडला, आणि तो तिथूनच यावा यात नवल नाही. पंचगंगेत वर कोल्हापूर, मग इचलकरंजी, आणि खाली शिरोळ तालुका. वरच्यांचं सांडपाणी, फेस आणि जलपर्णी खालच्यांच्या वाट्याला. नृसिंहवाडीला ती कृष्णेला मिळते तोवर भांडणही सोबत वाहत येतं.

सिव्ह ६ मध्ये नदी म्हणजे दोन टाइलच्या मधली निळी रेघ. ती गोडं पाणी देते, धरणाला जागा देते, पूर आला की गाळ आणून जमीन सुपीक करते. पण वरच्या शहराने त्यात काय सोडलं याचा खालच्या शहराला पत्ताच नसतो. वाऱ्याचंही तेच. ब्रिटन आणि मध्य युरोपातल्या धुराने स्वीडन-नॉर्वेची तळी आम्ल झाली, स्वीडनने १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेत ते जगापुढे मांडलं आणि १९७९ मध्ये सरहद्द ओलांडणाऱ्या हवेच्या प्रदूषणावर जिनिव्हात करार झाला. धूर एका देशाचा, तळी दुसऱ्याची. यात युद्धाचं कारण आहे, तहाचं कलम आहे, खंडणी आहे. नकाशावरच्या खेळाला आणखी काय पाहिजे?

फॅक्टोरियो हा संस्कृती उभारणीचा खेळ नव्हे, कारखाना उभारणीचा आहे, पण त्याने हे करून दाखवलंय. त्यात धुराचा लाल ढग नकाशावर पसरताना दिसतो, झाडं तो थोडाफार शोषून घेतात आणि तो किड्यांच्या घरट्यांपर्यंत पोचला की ते हल्ला करतात. प्रदूषणाला जागा आणि दिशा मिळाली की ते लगेच डावपेचाचा भाग होतं.

११. कारखाने येईपर्यंत प्रदूषण नव्हतंच ना? मग प्राचीन युगात ते दाखवणं चूक ठरेल?

होतं की. रोमन लोक चांदीसाठी धातुक गाळायचे, त्यातल्या शिशाचा अंश ग्रीनलंडच्या बर्फाच्या थरांत सापडतो. दक्षिण मेसोपोटेमियात कालव्यांच्या पाण्याने जमिनीत मीठ साचत गेलं आणि शेतकरी गव्हाकडून खारवट जमीन सोसणाऱ्या जवाकडे वळले. लंडनमध्ये दगडी कोळशाच्या धुराविरुद्ध राजाज्ञा निघाली ती चौदाव्या शतकाच्या सुरुवातीलाच.

उसाच्या पट्ट्यातल्या वाचकाला मेसोपोटेमियाची गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. पाणी जास्त, निचरा कमी, वर पांढरा थर.

प्राचीन युगात शिशाचा मीटर लावा असं मी म्हणत नाही. पण कालवा काढलेल्या टाइलचं उत्पन्न शंभर टर्ननंतर हळूहळू उतरू लागलं, तर खेळाडू उधारीची वही पहिल्या युगातच ओळखायला शिकेल. तेव्हा ती शेवटच्या युगात आभाळातून पडल्यासारखी वाटणार नाही.

१२. माझे बहुतेक डाव औद्योगिक युगापर्यंत पोचतच नाहीत. मग हे सगळं कुणासाठी?

दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत. माझेही नाही पोचत. दोनशे टर्न झाल्या की कोण जिंकणार ते कळतं, आपण "उद्या संपवू" म्हणतो आणि रविवारी नवा डाव मांडतो.

गॅदरिंग स्टॉर्मचा दोष तो हाच. सर्वांत सुंदर रचना अशा ठिकाणी ठेवलीय जिथे निकाल लागून गेलेला असतो. समुद्र तीन मीटर चढेपर्यंत अवकाशयान उडालेलं असतं. धाकच वाटत नाही. वाणी वही उघडेपर्यंत आपण गाव सोडलेलं असतं.

यावर दोन उपाय मला सुचतात. एक प्रश्न ११ मधला, लहान उधाऱ्या लवकर सुरू करण्याचा. दुसरा, विजयाच्या हिशेबातच वही धरायची. २०२१ च्या ह्यूमनकाइंड या खेळाने या दिशेने पाऊल टाकलं होतं. तिथे प्रदूषण अतिरेकाला गेलं तर पृथ्वी राहण्यालायक उरत नाही आणि डाव तिथेच संपतो. विचार चांगला, पण सुरुवातीला तो शेवट इतक्या घाईने यायचा की लोकांना दगाफटका वाटला. वहीचा आकडा आधी नीट दाखवायला हवा होता.

१३. अणुबॉम्बनंतरची किरणोत्सारी धूळ आणि अणुभट्टीचे अपघात प्रदूषणात धरायचे का?

धूळ नाही. ती युद्धाची जखम आहे, उधारी नव्हे. सिव्ह ५ (२०१०) मध्ये तर नेहमीचं प्रदूषण गाळून हीच तेवढी ठेवली होती.

अणुभट्टी धरायची. सिव्ह २ मध्ये शहरात दंगल झाली की अणुभट्टी फुटण्याचा धोका असायचा. सिव्ह ६ मध्ये भट्टी जुनी होत जाते आणि डागडुजी न केल्यास अपघाताची शक्यता वाढते. कार्बन कमी, पण काळजी कायमची. चांगला सौदा आहे.

१४. आणि जंगलतोड?

हे खरं म्हणजे सर्वांत मोठं पाप, आणि खेळ त्याला बक्षीस देतात. सिव्ह ४ असो की ६, जंगल तोडा आणि त्या टर्नला उत्पादनाचा गठ्ठा उचला. पट्टीचा खेळाडू नकाशा बोडका करूनच जिंकतो. सिव्ह ४ मध्ये त्याची थोडी किंमत आहे (प्रश्न ४), सिव्ह ६ मध्ये जगभरची तोड तापमानवाढीत धरली जाते, पण ताबडतोब मिळणाऱ्या गठ्ठ्यापुढे ते काहीच नाही. मीही तोडतो.

१५. दहा वर्षं चाललेल्या त्या सिव्ह २ च्या डावाची गोष्ट खरी आहे का?

खरी आहे. २०१२ मध्ये एका खेळाडूने सांगितलं की तो एकच डाव अधूनमधून दहा वर्षं खेळतोय आणि त्यात इसवी सन ३९९१ चाललंय. तीनच सत्ता उरलेल्या, शतकानुशतकं अणुयुद्ध, ध्रुवावरचा बर्फ वीसहून अधिक वेळा वितळलेला. शेतीची जमीन दलदलीत गेलेली आणि इंजिनिअर रणगाड्यांसाठी रस्ते बांधण्यात अडकलेले, त्यामुळे जमीन साफ करायला कुणी मोकळं नाही. त्याने डावाची फाइल खुली केली, आणि इतरांनी तो डाव जिंकूनही दाखवला.

प्रश्न ३ मध्ये मी ज्या झाडूला नावं ठेवली, त्यातूनच ही गोष्ट जन्मली हे मला मान्य करावंच लागेल. एक टर्न पुसणं कंटाळवाणं. पुसायला माणूस न उरणं भयानक.

१६. सिव्ह ७ मध्ये काय परिस्थिती आहे?

फेब्रुवारी २०२५ मध्ये आला तेव्हा तापमानवाढ नव्हती. पूर, ज्वालामुखी, वादळं आहेत, पण धुराचं खातं नाही. कारण सरळ आहे: डाव तीन युगांत विभागलाय आणि शेवटचं आधुनिक युग विसाव्या शतकाच्या मध्यावर थांबतं. खर्च करायचं युग आहे, फेडायचं नाही. तरी लंडनचा १९५२ चा धूर त्याच काळातला (प्रश्न ७), तेव्हा जागाच नव्हती असं म्हणता येत नाही.

१७. मी स्वतः असा खेळ बनवतोय. नियम कसे ठेवू?

कोळसा उत्तम ठेवा. खरोखर उत्तम. तो घेतला नाही तर शेजारी पुढे निघून जाईल अशी भीती वाटली पाहिजे. पुष्कळ नवे रचनाकार इथेच चुकतात. कोळसा आधीच वाईट दाखवतात, मग कुणी त्याला हात लावत नाही आणि मोहाविना उधारीला अर्थ नाही.

डाग आणि झाडू नको. परिणाम ठरावीक जागी दिसू द्या आणि तो नदी किंवा वाऱ्याबरोबर सरकू द्या. नशिबाचे फासे कमी टाका. खेळाडूला दहा टर्न आधी कळावं की अमुक शेत जाणार आहे, म्हणजे तो बांध, स्थलांतर किंवा सौदा यांतलं काही निवडेल. पैसे देऊन दुसऱ्याचा धूर थांबवण्याची सोय ठेवा (प्रश्न ९). आणि कृपा करून कॉम्प्युटर खेळाडूला वही वाचायला शिकवा.

एकदम मोठा खेळ बनवण्याआधी फ्रीसिव्ह उघडून पाहा. डेन्मार्कच्या आरहूस विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी १९९६ च्या आसपास सुरू केलेला हा मुक्त खेळ आहे. साध्या मशीनवर चालतो, नियमांच्या फायली उघड्या असतात, आणि तापमानवाढीबरोबर अणुयुद्धानंतरचा हिवाळासुद्धा त्यात आहे. आकडे बदलून दोन डाव खेळलात की माझ्या या उत्तरापेक्षा जास्त शिकाल.

१८. शाळेत हवामानबदल शिकवायला सिव्ह वापरू का?

पूर्ण डाव नको, पंधरा-वीस तास लागतात. त्यापेक्षा डेब्रेक हा बोर्डगेम घ्या. पॅन्डेमिक हा बोर्डगेम करणारा मॅट लीकॉक आणि मातेओ मेनापाचे यांचा, २०२३ चा. सगळे मिळून एका बाजूने खेळतात, म्हणून मुलांत मारामारी होत नाही. शिक्षकाच्या दृष्टीने ही जमेची बाजू.

१९. मुद्दाम प्रदूषण करून जिंकता येतं का?

येतं. आपली शहरं पठारावर, शत्रूची सगळी किनाऱ्यावर, असा नकाशा मिळाला की सिव्ह ६ मध्ये कोळसा हेच शस्त्र. युद्ध पुकारावं लागत नाही. बर्फ वितळल्याने ध्रुवाकडचे समुद्रमार्ग मोकळे होतात, तो वरचा नफा. तोट्यात परराष्ट्रखातं जातं, जास्त धूर सोडणाऱ्याची पत घटते. २०२० मध्ये आलेला अपोकॅलिप्स मोड लावला असेल तर जास्त ताणू नका, कारण तापमानवाढ कळसाला पोचली की आभाळातून धूमकेतू पडायला लागतात आणि ते पठार-किनारा बघत नाहीत. अल्फा सेंटॉरीत हेच काम परिषदेत मतदान घेऊन, रीतसर करता येतं.

मी एकदा केलंय. डोंगराळ खंड होता, शेजारी दोघे बेटांवर. चाळीसेक टर्न केंद्रं धडधडत ठेवली. दोघांची निम्मी शेतं पाण्याखाली गेली, आणि मी मात्र पूर्वेचं माझं एकुलतं एक बंदर सखल टाइलवर आहे हे साफ विसरलो होतो. आरमार सगळं तिथेच बांधायचो.